विहिरी संध्याकाळी आटायच्या, सकाळी पुन्हा भरायच्या : केडगावच्या पंडिता रमाबाईंची गोष्ट

केडगाव (ता. दौंड) : पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं केडगाव आपल्या भागात सगळ्यांनाच माहीत आहे. तिथली 'मुक्ती मिशन' ही संस्थाही बहुतेकांनी निदान बाहेरून पाहिलेली असते. ही संस्था उभी करणाऱ्या पंडिता रमाबाईंचा ५ एप्रिल हा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी केडगावातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

शाळेच्या पुस्तकात रमाबाईंची ओळख चार ओळींत संपते. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, स्त्रीशिक्षणासाठी झटल्या, विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं ख्रिस्ती झाल्या. हे सगळं खरंच आहे. पण या बाईनं आयुष्यात काय काय सोसलं आणि तरी देवावरचा भरवसा कसा धरून ठेवला, ते त्या चार ओळींत येत नाही. दुष्काळ, उपासमार, एकामागून एक घरातले मृत्यू, समाजाचा रोष, पैशाची ओढाताण, ऐकू न येणं आणि शेवटी पोटच्या लेकीचा मृत्यू. यातलं एकेक संकटसुद्धा माणसाला खाली बसवायला पुरेसं आहे.

रानात जन्म, वाटेवर बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, आताच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी गुरूंबरोबर पेशव्यांच्या वाड्यात जाणं-येणं असताना त्यांनी पेशव्यांच्या घरातल्या बाईला संस्कृत शिकताना पाहिलं. बाई शिकू शकते, हे तेव्हाच त्यांच्या मनात बसलं. पुढं त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. भावकीला आणि गावातल्या शास्त्री मंडळींना ते मानवलं नाही. मग अनंतशास्त्री सरळ रानात राहायला गेले, तिथं घर बांधलं आणि पत्नीला शिकवलं.

पण येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचा आणि विद्यार्थ्यांचा पाहुणचार करता करता हाती होतं ते संपलं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ह्या रमाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून नेलं होतं. त्यानंतर त्या घराला कायमचा मुक्काम असा राहिलाच नाही. देवळात, घाटावर बसायचं, पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची. मोठी बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि सगळ्यांत धाकटी रमा. आईनं धाकटीला पहाटे उठवून, मांडीवर घेऊन संस्कृत शिकवलं. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले.

पहिला दुष्काळ

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. लोकांच्याच घरात दाणा नाही, तिथं पुराणिकाला कोण देणार? वडील थकलेले, नजर गेलेली. मुलांना मजुरीची सवय नाही. जवळचे दागिने, भांडी, कपडे एकेक करून विकले. व्रतं, अनुष्ठानं, दानधर्म, शास्त्रात सांगितलेलं सगळं या कुटुंबानं मनापासून केलं होतं. तरी पाऊस आला नाही आणि अन्नही मिळालं नाही.

शेवटी ते रानात शिरले. अकरा दिवस झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यावर काढले. अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा श्रीनिवास पुढं झाला. ब्राह्मणपणाचा अभिमान बाजूला ठेवून मी मजुरी करतो, असं त्यानं सांगितलं आणि वडिलांना थांबवलं. पण उशीर झाला होता. तापानं आणि उपासमारीनं थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री गेले. जाण्याआधी त्यांनी सोळा वर्षांच्या रमाला जवळ घेतलं. तुला मी देवाच्या हाती सोपवलंय, नीट वाग, आयुष्यभर देवाची सेवा कर, एवढंच त्यांनी लेकीला सांगितलं. हे बोल रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

काही आठवड्यांत आई अंथरुणाला खिळली. तापात तिनं बाजरीची भाकरी मागितली. रमा शेजारच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली, पण मागायला तोंड उघडेना. आयुष्यात कधी भीक मागितली नव्हती. दारातल्या बाईनं चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन रमा धावत आली, पण आईला घास गिळवला नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघांनी दया केली, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी पडत होती म्हणून तिनं आईचा भार डोक्यावर घेतला. काही दिवसांनी बहीण कृष्णाबाईही गेली.

आता उरले भाऊ आणि बहीण. दोघं पायी देशभर हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर घ्यायला काही नव्हतं. तेव्हा वाळूत अंगाएवढे खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून ते झोपले. या भटकंतीत बालपणीची श्रद्धा हळूहळू डळमळीत झाली. जे जे करायला सांगितलं ते सगळं आईवडिलांनी केलं, मग असं का, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून बसला.

कलकत्ता, लग्न आणि पुन्हा पोरकेपण

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी घडाघडा संस्कृत बोलते, हे पाहून तिथले विद्वान चकित झाले. त्यांनीच तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला दिले. तिची व्याख्यानं गाजू लागली.

पण १८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास आजारी पडला आणि गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. त्या काळात हे फार धाडसाचं होतं. सिल्चरला संसार सुरू झाला, एप्रिल १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबूंना पटकीनं गाठलं. संसार पुरता दोन वर्षंही टिकला नाही. चोवीस वर्षांच्या आत रमाबाईंनी आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे गमावले होते. कडेवरचं पोर वर्षाचंही नव्हतं.

सिल्चरच्या घरातच नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. ते त्यांनी आवडीनं वाचलं. एका मिशनऱ्याकडून बायबलमधला उत्पत्तीचा भागही ऐकला. पण तेव्हा ती फक्त ओळख होती.

पुणे ते इंग्लंड

नवरा गेल्यावर रमाबाई महाराष्ट्रात आल्या. पुण्यात १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं साक्ष देताना बायकांना शिकवायला बायकाच शिक्षिका हव्यात आणि त्यांच्यावर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात, असं त्यांनी ठासून मांडलं. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून पुस्तकाच्या पैशातून तिकीट काढून १८८३ मध्ये त्या लहान मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या.

तिथं वाँटेज गावात ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहायची सोय झाली. पण सुरुवातच वाईट झाली. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिचं मानसिक संतुलन बिघडलं आणि तिनं आत्महत्या केली. परक्या मुलखात आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, तेही गेलं. त्यात कान दिवसेंदिवस कमी ऐकू लागले, त्यामुळं डॉक्टरकीचा रस्ताही बंद झाला.

त्या काळात एक गोष्ट त्यांच्या मनाला भिडली. ज्या बायकांना समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकलं होतं, त्यांना या भगिनी जवळ करत होत्या, सांभाळत होत्या. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. जिच्याशी कुणी बोलत नव्हतं, तिच्याशी येशू बोलला. असा देव रमाबाईंना हवा होता. पूर्वी ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांचाही त्यांच्यावर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती झाल्या, पण मान खाली घातली नाही

पुढं चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथंच संस्कृत शिकवू लागल्या. तिथं चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचं वाजलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशप मंडळींचं म्हणणं. रमाबाईंनी ते मान्य केलं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आपल्या माणसांना कळतील असे संस्कृत शब्द का नकोत, असं त्यांनी विचारलं. धर्मशिक्षणातली जी गोष्ट पटत नव्हती, ती पटली असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ख्रिस्ताला मानते, पण माणसांच्या हुकुमाला नाही, अशी त्यांची रोखठोक भूमिका होती. शाकाहार आणि साधी पांढरी साडी त्यांनी सोडली नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथं राहून त्यांनी भारतातल्या उच्चवर्णीय बायकांच्या, खास करून बालविधवांच्या, हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. गावोगाव भाषणं दिली. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं.

शारदा सदन आणि पुण्यातलं वादळ

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवा मुलींना ठेवून घ्यायचं, शिकवायचं, पायावर उभं करायचं. कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलेलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसं सल्लागार मंडळात होती. सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला.

पण त्याच वर्षी वाद पेटला. रमाबाई रोज सकाळी मनोरमेबरोबर स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. मुलींना ख्रिस्ती करण्याचा हा डाव आहे, अशी टीका 'केसरी'नं केली. रमाबाईंचं म्हणणं असं की, मी कुणाला बोलवत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही आणि माझ्या प्रार्थनेला दार लावणारही नाही. पालकांची बाजूही समजण्यासारखी होती. धर्म सुटणार नाही या भरवशावर त्यांनी लेकी तिथं ठेवल्या होत्या. शेवटी रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले. वीसपेक्षा जास्त मुली एकदम काढून नेल्या. ज्या पुण्यानं डोक्यावर घेतलं होतं, त्याच पुण्यात त्या जवळजवळ एकट्या पडल्या.

त्याआधी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनात मोठा बदल झाला होता. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली होती. धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही, असं त्यांना वाटत होतं. बुद्धीला पटलेला धर्म वेगळा आणि जीव टाकून ठेवावा असा देव वेगळा, हे त्यांना तेव्हा उमगलं. पुढची सगळी संकटं त्यांनी याच जोरावर पेलली.

केडगावची जमीन

अमेरिकेतून येणारा पैसा कायमचा नाही, हे रमाबाई ओळखून होत्या. म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली. शंभर एकरांच्या आसपास माळरान. तिथं विहिरी खोदायच्या, आंबा, संत्री, लिंबाची झाडं लावायची आणि फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा हिशेब होता. नुसत्या देणगीवर न बसता जमिनीतून काढायचं, हा विचार त्या काळात एका बाईनं केला होता.

झाडं अजून लहान होती, तोवर १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात, म्हणजे आताच्या मध्य प्रदेशाच्या भागात, माणसं रस्त्यावर मरत होती. भुकेल्या पोरींना पोटासाठी वाममार्गाला लावलं जात होतं. ही खबर आली तेव्हा रमाबाई आधी घुटमळल्या. हाती असलेला पैसा शारदा सदनापुरताच, त्यात इतक्या पोरींना कसं सांभाळणार? पण वीस वर्षांपूर्वीचं ते रान, तो झाडपाला, आईच्या घशाखाली न उतरलेली भाकरी डोळ्यांपुढं आली. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सरकारी छावण्या, रस्ते, देवळं पालथी घालून पोरी गोळा केल्या. तीनशेच्या आसपास मुली आणि बाया त्यांनी आणल्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. शहरात नव्या मुली ठेवायला सरकारी मनाई झाली. मग केडगावच्या माळावर झोपड्या आणि राहुट्या ठोकल्या आणि सगळ्यांना तिकडं नेलं. अशी 'मुक्ती' उभी राहिली. आधी आराखडा काढला, मग इमारत बांधली, मग माणसं आली, असं काही झालंच नाही. माणसं आधी आली. प्लेगच्या छावणीत बायकांचे हाल होतात, म्हणून रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारलाही जाब विचारला.

या पोरी नुसत्या हाडाच्या सापळ्यासारख्या होत्या. अंगावर फोड, डोक्यात उवा, पोट बिघडलेलं. कित्येकींना माणसात बसायची सवय राहिली नव्हती. काही अन्न लपवून ठेवायच्या, काही मारायला धावायच्या. बऱ्याच जणी आल्यावरही वाचल्या नाहीत. शारदा सदनातल्या मोठ्या मुलींनी एकेकीला वाटून घेतलं. न्हाऊ घातलं, भरवलं, जखमा धुतल्या.

आटणाऱ्या विहिरी

१८९९-१९०० चा दुष्काळ तर सगळ्यांत भयंकर. छप्पनचा दुष्काळ म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी ज्याचं नाव राहिलं, तो हाच. गुजरातेतून आणखी शेकडो मुली केडगावला आल्या. मुक्तीतला आकडा १९०० च्या घरात गेला. वर शंभरावर जनावरं आणि बांधकामही चालू. पाऊस नाही. विहिरींना पाणी बेताचंच.

त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी लिहून ठेवलेली गोष्ट शेतकऱ्याला जास्त समजेल. दिवसभर उपसा झाला की संध्याकाळी विहिरीचा तळ दिसायचा. उद्या पाणी कुठून येणार, हा प्रश्न रोज रात्री असायचा. आणि सकाळी झऱ्यांतून पुन्हा पाणी साचलेलं असायचं. ते दिवसभर पुरायचं, संध्याकाळी पुन्हा तळ. रमाबाईंनी याला देवाची देणगी मानलं. भूगर्भाचं शास्त्र काय म्हणायचं ते म्हणो, पण दोन हजार माणसं जिच्या भरवशावर आहेत, त्या बाईला रोज रात्री तळ दिसलेल्या विहिरीकडं बघून झोपावं लागत होतं.

पैशाचंही तसंच. रोजच्या रोज कणगीत दाणे हवेत आणि पुढच्या महिन्याची तजवीज नाही, असे दिवस खूप होते. कुठून पत्रातून देणगी यायची, कुठून धान्य. प्रार्थना रोज, हिशेब रोज आणि काम रोज, असा मुक्तीचा शिरस्ता होता. आभाळाकडं बघून हात जोडून बसायचं, असा त्यांचा भरवसा नव्हता. इथं पोरी मागावर कापड विणत, तेलाचा घाणा चालवत, गाईम्हशी सांभाळत, शिवण करत, शेतात राबत, छापखान्यात खिळे जुळवत. दुष्काळात आलेली पोर चार वर्षांनी स्वतःच्या हातानं कमवत होती, कुणी शिक्षिका होत होती, कुणी दवाखान्यात काम करत होती. अंध बायांसाठी बार्तीमी सदन होतं. मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली होती, तिनं त्यांना बोटांनी वाचायला शिकवलं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन आणि म्हाताऱ्या, अपंग बायांसाठी प्रीती सदन काढलं.

पुण्यातल्या शारदा सदनात धर्माचं बंधन पाळलं होतं, केडगावला मात्र ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जाई. यावर टीका झाली आणि आजही मतभेद आहेत. रमाबाईंनी ते लपवलं नाही. आपल्याला जे मिळालं ते आपण देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०५ मध्ये इथं प्रार्थनेची मोठी लाट आली आणि जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत केडगावचं नाव गेलं.

बायाबापड्यांसाठी बायबल

तेव्हा मराठीत बायबल होतं. पण त्याची भाषा खेड्यातल्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला जड जाते, असं रमाबाईंना वाटे. म्हणून त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. पंडिता ही पदवी मिळवलेली बाई आता भाकरी थापणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधत बसली होती. दिवसभर संस्थेचा कारभार आणि मग भाषांतर. या कामात दीड दशकाहून जास्त काळ गेला. छपाई मुक्तीतच, तिथल्याच बायकांच्या हातानं.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण शरीर थकलं होतं, कानांनी जवळजवळ साथ सोडली होती. सगळा भार आता मनोरमा उचलत होती. मुक्तीचं काम, गुलबर्ग्याची मुलींची शाळा. आपल्यामागं हीच सगळं बघेल, असं सगळेच धरून चालले होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळिशीच्या उंबरठ्यावर. वाँटेजपासून केडगावपर्यंत आईबरोबर चाललेली एकुलती एक लेक. सोळाव्या वर्षी आईचं प्रेत डोक्यावर वाहणाऱ्या रमाबाईंना त्रेसष्टाव्या वर्षी लेकीला मातीत ठेवावं लागलं.

त्यांनी काम थांबवलं नाही. बायबलची शेवटची प्रुफं तपासायची राहिली होती. तब्येत खालावत होती, तरी कागद हातात होते. ते काम हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या. पुरं छापलेलं बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते हातात घ्यायला त्या नव्हत्या.

भरवसा म्हणजे काय

संकटात देवावर भरवसा ठेवा, असं सांगणं सोपं असतं. रमाबाईंच्या आयुष्यात या भरवशाला फार कठीण प्रश्न पडले. आईवडिलांनी मनोभावे देवधर्म केला आणि ते भुकेनं गेले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मोठेपणी त्यांचा भरवसा कशावर होता? संकट येणारच नाही, यावर नक्कीच नव्हता. ते येतच राहिलं. त्यांचा भरवसा असा की, संकटातही देव आपल्याला सोडत नाही, आणि म्हणून आपणही दारात आलेल्याला सोडायचं नाही. झोपडीत जागा नव्हती तेव्हा त्यांनी आणखी तीनशे जणींना आणलं. तीनशे जणी होत्या तेव्हा आणखी शेकडो आणल्या. वडिलांनी मरताना ज्या देवाच्या हाती सोपवलं, त्याची सेवा लेकीनं वेगळ्या वाटेनं केली, पण शब्द पाळला.

भारत सरकारनं १९८९ मध्ये त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार बाया, अनाथ मुली, अंध आणि वृद्ध यांना तिथं अजूनही आसरा मिळतो. चौफुल्याकडून केडगावला जाणाऱ्या कितीतरी जणांना या कुंपणाआड काय घडलं याची कल्पना नसते. यंदाच्या स्मृतिदिनी निदान घरातल्या शाळकरी मुलींना तरी ही गोष्ट वाचून दाखवावी.